शेंदरातला रुपया

‘नाणी घासून आणू नयेत’ अशी पाटी मी शिरूरच्या माझ्या दुकानाबाहेर लावली होती. पेंटरने अक्षर झकास काढलं होतं, लाल रंगात, खाली दोन रेघा मारून. लोक ती पाटी वाचायचे, पायरी चढून आत यायचे, रुमालाची गाठ सोडायचे आणि लखलखीत रुपया काढून माझ्यापुढे ठेवायचे. वर सांगायचे, ‘‘घासला न्हाई चाचा, नुसता चिंचंत ठिवला व्हता.’’

मी कपाळाला हात लावायचो. आधी चिडायचो, मग चहा मागवायचो. कारण माणसाची चूक काय? आपल्याकडे नाणं म्हणजे लक्ष्मी. तिला मळक्या अंगाने परक्याच्या दारात कोण नेईल? चिंच, राख, रांगोळी, जे हाताला लागेल त्याने तिला न्हाऊमाखू घालायचं आणि मगच घराबाहेर काढायचं, ही आपली रीत. पण जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं एक काळपट-निळसर झाक चढत जाते. आमच्या घरात तिला नाण्याची कातडी म्हणत. नाण्याच्या शौकिनाला तीच हवी असते. ती एकदा खरवडली की परत येत नाही, आणि मग रुपयाला उरतो तो फक्त चांदीचा भाव. लोक इतक्या प्रेमाने आपलं नुकसान करून माझ्याकडे यायचे की नुकसान सांगताना माझीच जीभ अडखळायची.

धंदा माझ्याकडे आडवाटेने आला. वडील मोडीचा व्यापार करायचे. म्हणजे जुनी तांब्यापितळेची भांडी वजनावर घ्यायची आणि नवी द्यायची. जुन्या घागरीच्या तळाशी, डब्याच्या बुडाला कधी कधी एखादं नाणं चिकटून यायचं. वडील ते मालकाला परत द्यायचे, मालक ‘राहू द्या’ म्हणाला तर मला द्यायचे. मी ते रात्रंदिवस खिशात घेऊन हिंडायचो. त्यावरची फारसी अक्षरं मला कुणी शिकवली तर आमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी, आणि मोडी लिपी शिकवली ती तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. दोघांची एकमेकांशी चांगली गट्टी होती. मी एकाकडचा धडा दुसऱ्याकडे घेऊन जायचो आणि दोघे मिळून माझी चूक काढायचे. पुढे मोडीची भांडी मागे पडली आणि नव्वदच्या सुमाराला मी दुकानात नुसती नाणीच ठेवायला लागलो. बाजाराच्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन दौंडलाही जायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाणं जितकं जुनं तितकं महाग. हे समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हजार वर्षांपूर्वीचं नाणं गाडीभर सापडलेलं असेल तर स्वस्त, आणि काल-परवाचं थोडंच निघालेलं असेल तर महाग. किती उरली आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि ती हवी असणारं कुणी आहे का, एवढंच विचारायचं. आता शिवराई घ्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. आमच्या भागात नांगराला शिवराई लागते, पाया खणताना शिवराई निघते, घरोघरी देवाच्या डबीत दोन-चार असतातच. वढूला संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं कधी कधी माझ्या दुकानात डोकवायची. एकाने शिवराईची किंमत विचारली आणि मी सांगितली, चहा-भज्यांइतकी. त्याला ते पटेना. ‘‘महाराजांचं नाणं आन् एवढ्यात?’’ मी म्हटलं, किंमत बाजाराची आहे, मोल तुमचं तुम्ही ठरवा. त्याने पायातल्या चपला काढल्या, दुकानाच्या पायरीखाली नीट ठेवल्या आणि मग हात पुढे केला. अशा गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना मलाच संकोच व्हायचा. घेतले मात्र, धंदा आहे.

दौंडची तऱ्हा वेगळी. तिथे एकदा एका सद्गृहस्थांनी मखमली डबीतून एक लांबट, गुळगुळीत पत्रा काढला. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही. लिपीचा शोध लागण्याआधीचं नाणं आहे असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. मी तो हातात घेतला आणि मला हसू आवरेना. दौंड जंक्शनच्या आसपास वाढलेल्या कुणालाही विचारा. रुळावर पैसा ठेवायचा, मालगाडी जाऊ द्यायची आणि मग गरम असतानाच तो उचलायला धावायचं. हा खेळ तिथे प्रत्येकाने खेळलेला. रेल्वेची ती टांकसाळ अजून बंद पडलेली नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, लहानपणी मी स्वतः असले किती केलेत.’’ आणि माझ्यापेक्षा मोठ्याने हसायला लागले.

आणि एकदा सफारी घातलेले दोघे आले, तांदूळ ओढणारं नाणं शोधत. लोहचुंबक खिळे ओढतं तसं हे नाणं म्हणे तांदूळ ओढतं, आणि परदेशात त्याला कोटींनी किंमत येते. त्या काळात या वेडाने कितीतरी भली माणसं नादाला लागली होती. मी बायकोला घरातून वाटीभर तांदूळ पाठवायला सांगितलं. एक साधा भोकाचा पैसा पाण्यात बुडवला, तांदळावर दाबला आणि उचलला. पाच-सहा दाणे चिकटून आले. ‘‘ओढले की नाही?’’ मी विचारलं. ते तणतणत निघून गेले. बायकोची तक्रार एवढीच की असल्या कामाला आंबेमोहोर वापरायला नको होता, रेशनचा चालला असता.

पण लोक मला ‘सगळ्यात भारी नाणं कोणतं पाहिलंत’ असं विचारतात तेव्हा मला कारेगावचा रुपया आठवतो.

कारेगावचे किसनआबा माझे जुने ओळखीचे. रांजणगावला कारखाने आले, गावात कामगारांना खोल्या कमी पडायला लागल्या, तसे आबाही जोत्यावर खोल्या बांधत होते. मुलगा अशोक कंपनीत शिफ्टला जायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सून सुनंदा बारावीला उत्तम मार्कांनी पास झालेली, आणि तिला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. आबांनी तिला शब्द दिला होता की पुढच्या जूनला तुझं नाव कॉलेजात घालतो. पण हातातला पैसा सगळा विटा-सिमेंटात गेलेला. मग त्यांना आईच्या बटव्यातले रुपये आठवले. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, दुकानात येऊन म्हणाले, ‘‘भाई, उद्या सकाळी घरला या. म्हातारीचं रुपयं बघा. त्याच्यावर पोरीचं कालिज ठरायचंय.’’

मी बटव्यातलं एक नाणं आधी पाहिलेलं होतं, आबांनी पूर्वी कधीतरी सहज दाखवलं होतं. त्याची कातडी शाबूत होती. बाकीची तशीच असतील तर दोन वर्षांची फी सहज निघणार होती. मी खुशीत गेलो.

सकाळी गारठा चांगला होता. आबांनी घोंगडी पांघरली होती, त्यांच्या कारभारीण हौसाबाई शाल गुंडाळून देव्हाऱ्यापुढे समई लावत होत्या. सुनंदाने पितळेचं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. ताटात रुपये होते. सगळे पांढरेशुभ्र, चकचकीत, एकही काळा ठिपका नसलेले. त्यांवरच्या इंग्रजांच्या राणीचा चेहरा इतका घासला होता की नाक कुठे आणि गाल कुठे ते कळेना.

मी एकेक उचलून पाहत राहिलो.

‘‘कसं हायती?’’ आबा म्हणाले.

‘‘कुणी घासले?’’

‘‘मी,’’ सुनंदा म्हणाली. तिच्या बोटांना अजून चिंचेचा रंग होता. ‘‘तुम्ही येणार म्हणून काल सगळे काढले. चिंच आणि रांगोळी. खूप मळ होता चाचा.’’

मी तिला खरं ते सांगितलं. सांगावंच लागलं. आता ही नुसती चांदी आहे आणि चांदीच्या भावाने जेमतेम प्रवेशाचा खर्च निघेल, पुढचं नाही. तिने ताटाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. ज्या पोरीचं शिक्षण त्या रुपयांवर ठरायचं होतं, तिनेच ते दिवसभर बसून घासले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी ती पाटी गावोगाव का लावली नाही म्हणून स्वतःवरच चिडलो.

हौसाबाईंचा पहिल्यापासून या कॉलेजाला विरोध. ‘‘दोन वर्सं हास्टेलात जाऊन बसल्यावर गुरांचं कोन बघनार?’’ हे त्यांनी मला दारातच ऐकवलं होतं. त्यामुळे त्या आता काहीतरी टाकून बोलतील अशी माझी खात्री होती. पण त्या समईची वात सारखी करत म्हणाल्या, ‘‘चांगलं दिसावं म्हनून घासलं तिनं. त्यात तिचा काय दोस?’’

सुनंदाने मान वर करून सासूकडे पाहिलं.

‘‘घासायचं राहिलेलं एखादं नाणं आहे का घरात?’’ मी उगाच विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

आबा कडवट हसले. ‘‘हाय की. एकच हाय. पन ते देव्हाऱ्यात बसलंय.’’

‘‘गप बसा,’’ हौसाबाई म्हणाल्या.

मग आबांनी सांगितलं ते असं. त्यांच्या घरच्या लक्ष्मीआईचा टाक, म्हणजे देवीची मूर्ती ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा, फार पूर्वी चोरीला गेला होता. आबांच्या आईने नवा टाक घडवेपर्यंत म्हणून एक रुपया देवीच्या जागी ठेवला, शेंदूर लावला आणि पूजा सुरू ठेवली. नवा टाक करायचं आज-उद्या करता करता राहून गेलं. तोवरचा देव कायमचा देव झाला. आधी सासूने आणि तिच्यामागे हौसाबाईंनी तोच रुपया चाळीस वर्षं पुजला होता.

हौसाबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मग त्यांनीच देवीला ताम्हनात घेऊन उंबऱ्यापर्यंत आणलं. ‘‘हात लावू का?’’ मी विचारलं.

‘‘धुतल्यात न्हवं हात? मग लावा.’’

शेंदराची पुटं चढून चढून त्या रुपयाचा बत्तासा झाला होता. पण कडेला एका ठिकाणी टवका उडाला होता आणि तिथे नाण्याची जाड, ओबडधोबड कड दिसत होती. यंत्रावरचं काम नव्हे, हातोड्याने पाडलेलं नाणं. पेशवाईतलं असणार. पूर्वी ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, असं असायचं. त्यामुळे ठशावरची निम्मी अक्षरं नाण्याबाहेर पडायची, आणि नेमकं टांकसाळीचं नावच बहुधा कापलं जायचं. ते पूर्ण उमटलेलं असेल तर शौकीन माणूस हवी ती किंमत देतो. पण आत काय आहे ते शेंदूर काढल्याशिवाय कळणार नव्हतं. खाली सगळं झिजून सपाटही झालेलं असू शकत होतं. मी हे सगळं तसंच सांगितलं. देवी हलवायची आणि हाती काहीच लागायचं नाही, असंही होईल, हेही सांगितलं.

आबा म्हणाले, ‘‘आपन कशाला ठरवायचं? आईलाच इचारू.’’

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवीच्या माथ्यावर ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न करायचा. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. आबांनी लक्ष्मीआईला परत देव्हाऱ्यात कलशाला टेकवून उभं केलं, शेवंतीचं फूल पाण्यात बुडवून वर ठेवलं आणि हात जोडले. ‘‘आई, तुला सोन्यासारखा नवा टाक करतू. ह्यो रुपया पोरीच्या शिक्षनाला दे. तुझी मर्जी असंल तर उजवा दे.’’

आम्ही बघत बसलो. फूल काही हलेना. हलणार कसं? शेंदूर तेलात कालवलेला, त्यावर चाळीस वर्षांचं तेल मुरलेलं. फूल जे चिकटलं ते चिकटलं. सुनंदाने आणलेला चहा गार झाला, कुणी घेतला नाही. आबांच्या ओठांची हालचाल चालू होती. सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि ती फुलाकडे नव्हे तर जमिनीकडे बघत होती. मला वाटायला लागलं की देवी आज उत्तर देणार नाही आणि उत्तर नाही म्हणजे नकारच.

तेवढ्यात हौसाबाई उठल्या.

‘‘लई उकडतंय,’’ त्या म्हणाल्या.

कोपऱ्यात टेबलफॅन होता. थंडी सुरू झाली म्हणून त्यावर कापडाची खोळ घातलेली होती. त्यांनी खोळ काढली, घडी केली, बाजूला ठेवली. पंखा उचलून देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला आणला. अंगावरची शाल सावरून घेतली. एका हाताच्या आडोशाने समईची ज्योत झाकली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. लाईट होती हे नशीब.

फूल थरथरलं आणि उजवीकडे पडलं.

‘‘दिला,’’ आबा म्हणाले. ‘‘उजवा दिला.’’ हौसाबाईंनी पंखा बंद केला, जागेवर नेऊन ठेवला, पुन्हा खोळ चढवली आणि सुनंदाला म्हणाल्या, ‘‘च्या गार झाला, दुसरा टाक.’’ त्या पंख्याबद्दल त्या घरात कुणी एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही.

नवा टाक मी दौंडच्या एका जुन्या कारागिराकडून घडवून आणला. चांदी त्या घासलेल्या रुपयांपैकीच दोन रुपयांची. नाणं वितळवायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण त्या दिवशी मी भट्टीजवळ मजेत उभा राहिलो. टाक देव्हाऱ्यात बसला आणि मग हौसाबाईंनी शेंदराचा रुपया माझ्या हवाली केला. नुसता दिला नाही, त्याची ओटी भरली. माझ्या रुमालात खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि मध्ये तो रुपया. लेक सासरी पाठवावी तसा. शिरूरच्या एस.टी.त मी तो रुमाल मांडीवर घेऊन बसलो होतो. दाढी-टोपीतला माणूस ओटी सांभाळत बसलेला पाहून कंडक्टरने विचारलं, ‘‘चाचा, ही कुनाची ओटी?’’ मी म्हटलं, ‘‘लक्ष्मीआईची. आमच्या घरी मुक्कामाला चालली आहे.’’ तो म्हणाला, ‘‘मग खिडकीकडं सरका, तिला वारं लागू द्या.’’

घरी बायकोने तिळाच्या तेलाची वाटी चुलीशेजारी उबेला ठेवली, आणि मी रुपया त्यात सोडला. घासायचं नाही, खरवडायचं नाही, फक्त वाट बघायची. शेंदूर पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत गेला. एका सकाळी मी नाणं उचलून मऊ कापडाने टिपलं आणि उजेडात धरलं. चाळीस वर्षं त्याला वारा लागला नव्हता की चिंच. टांकसाळीचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत होतं. मी मौलवीसाहेब आणि मोडीवाले काका दोघांनाही दाखवायला धावलो. दोघे तेव्हा फार थकले होते, पण त्या दिवशी त्यांच्यात कोण आधी वाचतो यावरून भांडण झालं.

पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकाने तो रुपया घेतला. मी सांगितलेली किंमत त्याने मुकाट्याने मान्य केली, तेव्हा मला कळलं की मी कमी सांगितली. तरी दोन वर्षांची फी, हॉस्टेल, पुस्तकं, सगळं बसलं. सुनंदा जूनमध्ये गेली. गुरांचं दोन वर्षं हौसाबाईंनी केलं, आणि रोज कुरकुरत केलं असं आबा सांगायचे.

पुढे सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, तेव्हा आबा मला मुद्दाम घरी जेवायला घेऊन गेले. पुरणपोळी होती. जेवण झाल्यावर आबा पान आणायला उठले आणि सोप्यात मी आणि हौसाबाई दोघेच राहिलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला. म्हटलं, ‘‘वहिनी, त्या दिवशी आम्ही सगळे कुडकुडत होतो. तुम्ही स्वतः शाल पांघरली होती. आणि तुम्हाला उकडत होतं?’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अगदीच अडाणी आहे.

‘‘मला कुठं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला उकडत व्हतं. चाळीस वर्सं शेंदरात गुंडाळल्याली.’’